दूर बसलेल्या विद्यार्थ्याची हजेरी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



शिक्षणविषयक चार विचार आपणांपुढे मांडावे अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी मला केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच आपण पाहिला. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु माझे आजचे बोलणे ज्यांची नावे सत्काराच्या यादीत येत नाहीत, आणि ती का येत नाहीत हेही कोणास कळत नाही, अशा विद्यार्थ्यांविषयी आहे. विशेषतः घरी बसून, संगणकाच्या अथवा मोबाइलच्या द्वारे पदवीचा अभ्यास करणाऱ्यांविषयी.

वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकाला विद्यार्थ्याचा चेहरा दिसतो. चार दिवस बाक रिकामा राहिला तर तो चौकशी करतो. दूरस्थ शिक्षणात ही सोय नाही. नोकरी सांभाळून शिकणारा कारकून, विवाहानंतर पुन्हा पुस्तक हाती घेतलेली सून, यांचा अभ्यास सुटतो तो एका दिवसात नव्हे. एक धडा राहतो, मग एक स्वाध्याय राहतो, मग संकोच वाटू लागतो, आणि अखेर परीक्षेचा अर्जच भरला जात नाही. विद्यापीठाला हे समजते तेव्हा वर्ष गेलेले असते.

तथापि ऑनलाइन शिक्षणात एक गोष्ट नवी आहे. विद्यार्थ्याने कोणत्या दिवशी कोणता पाठ उघडला, स्वाध्याय वेळेवर पाठविला की नाही, याची नोंद आपोआप होत असते. या नोंदींचे मनन करून शिक्षण सुधारण्याच्या विद्येस इंग्रजीत ‘लर्निंग अॅनालिटिक्स’ म्हणतात. आपण तिला अध्ययन-विश्लेषण म्हणू. या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०११ साली कॅनडातील बॅन्फ येथे भरली. म्हणजे ही विद्या अद्याप तरुण आहे.

तिचा उत्तम दाखला इंग्लंडातील ओपन युनिव्हर्सिटीचा. या विद्यापीठास १९६९ साली राजसनद मिळाली व १९७१ साली अध्यापन सुरू झाले. प्रवेशासाठी पूर्वीच्या परीक्षांची अट न घालता, टपालाने येणारी पुस्तके व बीबीसीवरील कार्यक्रम यांच्या साहाय्याने तेथे प्रौढ माणसे शिकू लागली. पुढे अभ्यासक्रम संगणकावर आले. २०१७ साली तेथील संशोधकांनी विद्यार्थ्यांची ओळख झाकून सात अभ्यासक्रमांच्या नोंदी अभ्यासकांसाठी खुल्या केल्या. त्या २०१३ व २०१४ या वर्षांतील आहेत. एकंदर नोंदण्या ३२,५९३. त्यांपैकी १२,३६१ उत्तीर्ण, ३,०२४ विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण, ७,०५२ अनुत्तीर्ण, आणि १०,१५६ जणांनी अभ्यासक्रम मध्येच सोडला. या आकड्यांपुढे थोडे थांबावे. नापास होणाऱ्यांपेक्षा सोडून जाणारे अधिक आहेत. प्रश्न बुद्धीपेक्षा सोबतीचा अधिक आहे, असे मला यावरून वाटते.

या विद्यापीठाने ‘ओयू अॅनालाइज’ नावाची पद्धती सिद्ध केली. पुढचा स्वाध्याय कोण पाठविणार नाही याचा अंदाज ती दर आठवड्यास बांधते व ती यादी शिक्षकाच्या हाती देते. संशोधनात एक मार्मिक गोष्ट आढळली. कोणी एकंदर किती वेळा पाठ उघडले याला फारसे महत्त्व नाही. कारण कित्येक जण छापील पुस्तकावरच अभ्यास करतात. जो विद्यार्थी आजवर नियमाने येत होता तो एकाएकी येईनासा झाला, हे खरे लक्षण. म्हणजे विद्यार्थ्याची तुलना शेजाऱ्याशी न करता त्याच्याच कालच्या वागण्याशी करावी. घरात मुलांना एकमेकांची उदाहरणे देत बसणाऱ्या आपण वडीलधाऱ्यांनीही हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

परंतु यादी तयार झाली म्हणजे काम झाले असे नव्हे. जे शिक्षक ती यादी नियमाने पाहत, त्यांच्या विद्यार्थ्यांचे निकाल अधिक चांगले लागल्याचे तेथे आढळले. आणि पुष्कळ शिक्षक ती पाहतच नसत, हेही आढळले. यंत्राने सावध केले तरी दूरध्वनी माणसानेच करावा लागतो.

या विद्येत फसगतही होते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात २००७ पासून तांबडा, पिवळा व हिरवा असे दिवे दाखवून विद्यार्थ्याला इशारा देण्याची पद्धत सुरू झाली. असे दिवे असलेले विषय ज्यांनी अधिक घेतले ते विद्यापीठात अधिक टिकले, असा गाजावाजा झाला. २०१३ साली टीकाकारांनी दाखविले की, जे विद्यार्थी अधिक वर्षे टिकले त्यांनाच असे विषय अधिक घेण्याची संधी मिळाली होती. शाळेत अधिक वर्षे गेलेल्या मुलाचे जोडे अधिक झिजतात. म्हणून जोडे झिजविल्याने विद्या येते असे कोणी म्हणेल काय? यास्तव आकडा पुढे आला की त्यातील कारण कोणते व कार्य कोणते, हे विचारले पाहिजे.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. अशा गणितात विद्यार्थ्याचे वय, पूर्वशिक्षण, तो राहतो त्या वस्तीची सुस्थिती अथवा दारिद्र्य, हेही धरले जाते. मग गरीब वस्तीतील मुलाच्या नावापुढे त्याने पहिला धडा उघडण्यापूर्वीच ‘धोका’ असा शब्द उमटू शकतो. तो शब्द पाहून शिक्षकाने अधिक मदत केली तर ठीक. त्याने आशाच सोडली तर तो शब्द शाप ठरतो. जन्मस्थानावरून माणसाची योग्यता ठरविण्याची रीत आपल्या समाजाने पुष्कळ भोगली आहे. ती यंत्राच्या हातून परत येऊ देऊ नये. ओपन युनिव्हर्सिटीने २०१४ साली याविषयी नैतिक धोरण जाहीर केले. दिसणाऱ्या नोंदींवरून विद्यार्थ्याची संपूर्ण पारख करू नये, हे त्यातील एक तत्त्व. ते प्रत्येक विद्यापीठाच्या दारावर लिहावे इतके मोलाचे आहे.

आपल्या महाराष्ट्रात नाशिक येथे १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी ज्ञानाची गंगा घरोघरी नेण्याचे व्रत घेतले. आज अनेक विद्यापीठे ऑनलाइन पदव्या देत आहेत. प्रवेश घेताना आपण शुल्क किती एवढेच विचारतो. त्याबरोबर असेही विचारावे: माझ्या मुलीचा अभ्यास थांबला तर तुम्हांला केव्हा समजेल? समजल्यावर तिच्याशी कोण बोलेल? तिच्या कोणत्या नोंदी तुम्ही ठेवता व त्या कोणास दाखविता? आपल्या माहितीचा उपयोग कसा होतो हे विचारण्याचा अधिकार २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात लिहिलेला आहे.

शेवटी एक नम्र सूचना. शिष्यवृत्ती दिल्यावर आपण वर्षाअखेर गुणपत्रिका मागतो. त्याऐवजी पहिल्या स्वाध्यायाची तारीख टिपून घ्यावी, आणि ती उलटताच मंडळाच्या एखाद्या सभासदाने त्या विद्यार्थ्याला दूरध्वनी करावा. जाब विचारण्यासाठी नव्हे. ‘काही अडले आहे काय?’ एवढेच विचारण्यासाठी. यास संगणक नको, निधीही नको. एक वही व थोडी आस्था पुरे. हे काम या वर्षीच सुरू व्हावे अशी माझी विनंती आहे.