खुब्याचे ऑपरेशन बिघडले, आता पुढे काय?

(उत्सवातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत फायली हलवण्यात माझी हयात गेली. एकाच खुब्याचे दोनदा ऑपरेशन झालेली बाई, एवढीच माझी पात्रता. कार्यकर्ते म्हणाले, खुर्चीवर बसून बोला. पण उभी राहू शकते हे दाखवण्याचा मोह आवरत नाही, तेव्हा जमेल तितका वेळ उभीच राहते.

न्हाणीघरात पाय घसरला आणि मांडीच्या हाडाची मान मोडली. तीन स्क्रू घालून हाड जोडले. सहा आठवड्यांत चालाल, असे सांगितले होते. आठ महिने झाले तरी सूनबाईंच्या क्वार्टरचा जिना मला बसून बसून उतरावा लागे. विचारले की उत्तर एकच, "वयाचे दुखणे आहे, आजी, चालत राहा." मी चालत राहिले आणि जांघेतली कळ वाढत राहिली. शेवटी जुने-नवे सगळे एक्स-रे घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ते दिव्यावर शेजारी शेजारी लावले. हाड जुळलेच नव्हते आणि वरचा गोळा चपटा होऊन स्क्रूची टोके बाहेर डोकावत होती. त्या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या हाडाच्या मानेवरूनच वर जातात. मान मोडून सरकली की त्या तुटू शकतात आणि मग स्क्रू कितीही नीट बसवले तरी गोळा मरू शकतो. म्हणजे दोष कुणाचा असेलच असे नाही. मला राग आला तो निराळ्याच गोष्टीचा: आठ महिन्यांत कुणी कारण शोधले नाही.

माझे सांगणे इथूनच सुरू होते. ऑपरेशन फसले म्हटल्यावर आपण लगेच विचारतो, आता दुसरे कुठे करायचे? पहिला प्रश्न "का फसले?" हा हवा. बसलेले असताना उठून पहिली पावले टाकताना जांघेत किंवा मांडीत कळ येते, ती बहुधा कृत्रिम सांधा हाडात सैल झाल्याची खूण. रात्री पडल्या पडल्याही ठणकते, जखम पाझरते, तर जंतुसंसर्गाची शंका घ्यायची. कधी दुखणे खुब्याचे नसतेच, कमरेच्या मणक्यातून आलेले असते. अशा वेळी खुब्यावर पुन्हा सुरी चालवून काय मिळणार?

संसर्गाविषयी जरा सविस्तर बोलते. रक्ताच्या ईएसआर आणि सीआरपी या दोन साध्या तपासण्या होतात. शंका असेल तर सांध्यातले पाणी सुईने काढून जंतू शोधतात. आपली चूक होते ती इथे. जखम पाझरली की आपण केमिस्टकडून अँटिबायोटिक आणून चार दिवस घेतो. त्याने जंतू मरत नाही, फक्त लपतो, आणि तपासणीत सापडत नाही. तेव्हा अंगात ताप भरून प्रकृती ढासळलेली नसेल, तर पाणी काढेपर्यंत थांबावे. आणि ताप भरलाच तर केमिस्टकडे नव्हे, थेट इस्पितळात जावे.

संसर्ग पहिल्या काही आठवड्यांत कळला तर सांधा उघडून धुतात, बदलता येणारे भाग बदलतात आणि मूळ सांधा वाचू शकतो. उशिरा कळला तर बहुधा सगळे काढावे लागते. त्या जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता गोळा ठेवतात, काही आठवडे औषधे देतात, आणि जंतू गेल्याची खात्री पटल्यावर नवा सांधा बसवतात. निवडक रुग्णांत हे एकाच बैठकीत करतात. दोन ऑपरेशनांच्या मधला काळ घरच्यांची परीक्षा पाहणारा असतो. रजा, पैसा, कमोडची खुर्ची, रात्री उठवणारे माणूस, हे सगळे आधी ठरवून ठेवावे.

सांधा वारंवार निखळत असेल तर गोष्ट वेगळी. पहिल्यांदा निखळला तर भूल देऊन, न कापता जागेवर बसवतात. पुन्हा पुन्हा होऊ लागले तर वाटी तिरकी बसली आहे का, हे पाहून ती बदलतात, किंवा मोठ्या गोळ्याचा, दुहेरी हालचालीचा सांधा घालतात. कृत्रिम सांध्याभोवती हाड मोडले आणि दांडा घट्ट असला तर पट्टी व तारांनी भागते, सैल असला तर लांब दांड्याचा नवा सांधा लागतो. पाय आखूड-लांब वाटतो, ही तक्रार मात्र घाईने ऑपरेशनकडे नेऊ नये. सुरुवातीचे काही महिने आखडलेल्या स्नायूंमुळे कंबर कलते आणि तसा भास होतो. व्यायामाने तो बरेचदा जातो, उरलेला फरक चपलेच्या तळव्यात उंची देऊन भागतो.

आणि शेवटचा पर्याय, ज्याचे नाव काढले की घरात रडारड होते: सांधा काढून जागा तशीच सोडणे. ऑक्सफर्डच्या गर्डलस्टोन यांच्या नावाने हे ऑपरेशन ओळखतात. पाय आखूड होतो, काठी सुटत नाही. पण बऱ्याच जणांचा ठणका थांबतो, मांडी घालून बसता येते. पाच ऑपरेशने झालेल्या अशक्त माणसाला सहावे करण्यापेक्षा हे बरे असू शकते.

माझ्या बाबतीत संसर्ग नाही याची खात्री करून स्क्रू काढले आणि पूर्ण सांधा बदलला. अशा दुसऱ्या ऑपरेशनला पहिल्यापेक्षा धोका जास्त, हे मला आधी स्पष्ट सांगितले गेले. ते ऐकून भीती वाटली, पण विश्वासही तिथेच बसला.

हा सांधा ज्यांनी रूढ केला त्या इंग्लंडच्या सर जॉन चार्नली यांचाही पहिला प्रयत्न फसला होता, हे किती जणांना ठाऊक आहे? १९५८ च्या सुमारास त्यांनी टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या. त्या झिजल्या. शेकडो रुग्णांची ऑपरेशने पुन्हा करावी लागली. त्यांनी टेफ्लॉनचा चुरा स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन परिणाम पाहिला, आणि १९६२ मध्ये पॉलिथिलीनच्या वाटीकडे वळले.

सगळेच इतक्या प्रांजळपणे वागत नाहीत. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. झिजेतून कोबाल्ट-क्रोमियम रक्तात उतरत होते. भारतात सुमारे ४,७०० ऑपरेशने त्या सांध्याची झाली होती. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत पोलिसांत फिर्याद दिली. पुढे केंद्राने २०१७ मध्ये डॉ. अरुण अगरवाल यांची समिती नेमली. भरपाईचे सूत्र ठरवणाऱ्या समितीचे प्रमुख डॉ. आर. के. आर्य होते, आपल्या शेजारच्या सफदरजंगच्या स्पोर्ट्स इंजरी सेंटरचे. २०१८ मध्ये ३० लाख ते १ कोटी २३ लाख अशी रक्कम ठरली. पण हजारो रुग्णांचा पत्ताच लागला नाही. कित्येकांना आपल्या मांडीत कोणत्या कंपनीचा सांधा आहे, हेच माहीत नसणार.

म्हणून हात जोडून विनंती करते. सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर, ज्यावर कंपनीचे नाव आणि लॉट नंबर असतो, ते जपा. सीजीएचएसच्या बिलाला मूळ स्टिकर जोडावे लागते, तेव्हा जोडण्याआधी दोन झेरॉक्स काढा. डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशनची टिपणे मागून घ्या. एक्स-रे गादीखाली ठेवू नका, पुढच्या डॉक्टरांना तेच लागतात. आणि दुसरे मत घेताना पहिल्या डॉक्टरांचा अपमान होईल ही भीड बाळगू नका. सांध्यातच दोष आहे अशी शंका आली तर गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे कळवता येते. वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारींची ही व्यवस्था २०१५ पासून आहे.

माझी फाईल मागच्या टेबलावर, प्रसादाच्या ताटाशेजारी ठेवली आहे. मोडलेल्या हाडापासून नव्या सांध्यापर्यंतचे सगळे एक्स-रे तारखेवार लावलेले आहेत. ज्यांच्या घरी असा प्रसंग चालू आहे, त्यांनी आरती झाल्यावर जरूर पाहावी, काही विचारायचे असेल तर मी तिथेच बसलेली असेन. आता मात्र पाय बोलू लागला आहे, खुर्ची द्या.