मागे राहिलेल्यांचा हात
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरील ‘शकुंतला’चे वाफेचे इंजिन १९९४ साली गेले आणि डिझेलचे आले. प्रवाशांना हळहळ वाटली. परंतु त्यांना नवे काहीच शिकावे लागले नाही. तिकीट काढावे, डब्यात बसावे, इतकेच.

पुढील परिवर्तनाने मात्र प्रत्येक प्रवाशालाच इंजिन चालवावयास सांगितले. १५ जुलै २०१३ पासून तारसेवा बंद झाली. तार घेऊन दारी येणारा माणूस गेला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. आयुष्यभर रोजमेळ-खतावणी स्वहस्ते लिहिणारा व्यापारी विवरणपत्रासाठी मुलाची वाट पाहू लागला. लग्नपत्रिका आणि दुःखवार्ताही मोबाईलवरच येऊ लागल्या. शेजारच्या गल्लीतील निधन तिसऱ्या दिवशी कळले, तर वृद्धेने कोणत्या तोंडाने सांत्वनास जावे?

ज्येष्ठांना अज्ञानाचे दुःख नाही. ‘आजोबा, राहू द्या, तुम्हाला नाही जमणार’ हे शब्द त्यांना मागे टाकतात. त्याच आजोबांनी पाढे शिकविताना नातवाची तीच चूक शंभरदा सुधारलेली असते.

म्हणून ज्येष्ठांनी विचारण्याचा संकोच सोडावा. नातवंडांनी रोज दहा मिनिटे, आवाज न चढविता, तेच पुन्हा शिकवावे. आणि ज्यांच्याकडे मोबाईल नाही, त्यांच्या घरी दुःखवार्ता कोणीतरी पायी जाऊन सांगावी. एवढे घडले, तरी कोणी मागे राहणार नाही.