आमचे चिमणराव असे नव्हते!

फावल्या वेळी वाचलेल्या पुस्तकाविषयी माणसाला सहसा कोणी मत विचारीत नाही. विचारलेच, तर तो एखाद्या भारदस्त चरित्राचे किंवा निबंधसंग्रहाचे नाव सांगून मोकळा होतो, आणि उशाशी ठेवलेले विनोदी पुस्तक उशाशीच राहते. परंतु त्याच पुस्तकावरून कोणी चित्रपट काढला किंवा दूरदर्शनवर मालिका केली, म्हणजे हा अबोल वाचक एकाएकी बोलका होतो. "छे, छे! आमचे चिमणराव असे नव्हते!" असे तो भर पंक्तीत सांगतो. ज्या पुस्तकाचे नाव घेण्यास तो कालपर्यंत संकोचत होता, त्यातील माणसावर आज तो घरच्या माणसासारखा हक्क सांगत असतो. हा हक्क त्याला कोठून मिळाला, आणि तो कितपत टिकतो, हे पाहावयाचे तर चिमणरावांइतके चांगले उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल. महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी वाचकाला तर ते अधिकच जवळचे आहे.

चिमणरावांचे जनक चिंतामण विनायक जोशी हे जन्माने पुण्याचे. त्यांचा जन्म १८९२ चा. फर्ग्युसन महाविद्यालयात मूळचे गोव्याचे असलेले बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबी ह्यांच्यापाशी ते पाली शिकले, आणि पुढे त्यांच्या नोकरीचा बराचसा काळ बडोद्यास गेला. तेथे त्यांनी महाविद्यालयात पाली शिकविली, संस्थानचे दप्तरही सांभाळले. 'शाक्यमुनी गौतम' हे चरित्र आणि जातककथांची निवड ही त्यांची गंभीर ग्रंथसंपदा. दिवसभर त्रिपिटक आणि जुने कागद ह्यांत गढलेल्या ह्या विद्वानाने आपल्या फावल्या वेळात एक भित्रा, भाबडा, अंगाने किरकोळ असा कारकून निर्माण केला, आणि त्याच्या जोडीला सोटा घेतलेला दणकट गुंड्याभाऊ दिला. 'एरंडाचे गुऱ्हाळ' १९३२ मध्ये निघाले आणि 'चिमणरावांचे चऱ्हाट' त्यापाठोपाठ १९३३ मध्ये. मराठी माणूस पाली ग्रंथांना विसरला आणि चऱ्हाट मात्र त्याने सोडले नाही. ह्याचे लेखकाला वाईट वाटावे की बरे, हे सांगणे अवघड आहे.

ह्या कथांतील वातावरण पुणेरी मध्यमवर्गाचे. काऊ, मोरू, मैना, राघू, चिमणरावांच्या मातोश्री, त्यांचे सणवार, मुलींच्या लग्नांच्या खटपटी, उसन्या आणलेल्या वस्तू आणि न टळणारे पाहुणे, सारे ओळखीचे. पण ते लिहिले गेले गुजराथेत, जेथे दाराबाहेर गुजराथी आणि दाराआत मराठी बोलण्याची पिढ्यांपिढ्यांची रीत होती. बडोद्याच्या मराठी घरांत ही पुस्तके ज्या आवडीने वाचली गेली त्याचे एक कारण हेही असावे. इंदूर किंवा ग्वाल्हेर येथील वाचकाचीही तीच अवस्था. त्याने शनिवार पेठ आयुष्यात एकदाच पाहिलेली असे. परंतु काऊच्या तोंडचे बोलणे त्याला आपल्या आत्याचे बोलणे वाटे.

आता ह्या चिमणरावांचा चेहरा कसा होता? प्रश्न साधा आहे, पण पुस्तक उघडून उत्तर शोधू लागले म्हणजे घोटाळा ध्यानात येतो. कथा सांगतात ते स्वतः चिमणराव. स्वतःच्या मुखवट्याचे वर्णन करीत बसणारा माणूस तो नव्हे. तो आपली फजिती सांगतो, आणि सांगताना आपली फजिती झाली हे त्याला पुरते उमगलेले नसते. सारा विनोद ह्या न उमगण्यात साठवलेला आहे. वाचक हसतो तो त्याच्या नाकडोळ्यांना हसत नाही, तर त्याच्या आवाजाला हसतो. आणि तो आवाज कानाला ऐकू येणारा नसतो. मग चेहरा पुरवतो कोण? वाचकच पुरवतो. कोणी आपल्या कचेरीतील हेडक्लार्कचा पुरवतो, कोणी आपल्या मामांचा, कोणी (हे कबूल कोणी करीत नाही) आपला स्वतःचा. 'आमचे चिमणराव' ह्यातील 'आमचे' हा शब्द येथून येतो. अर्धा माणूस लेखकाने दिला, अर्धा वाचकाने आपल्या घरातून दिला. मग त्या अर्ध्यावर कोणी दुसऱ्याने रंग चढविला तर तो रागावणारच.

पहिला रंग चढला १९४० मध्ये. मास्टर विनायक ह्यांनी 'लग्न पहावे करून' हा चित्रपट काढला आणि त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ झाले. १९४२ मध्ये 'सरकारी पाहुणे' आला. दामुअण्णांच्या तिरळ्या डोळ्यांनी चित्रपटगृह हसे, हे खरे. परंतु पुस्तकातील चिमणरावांना हसवण्यासाठी डोळ्यांची मदत लागत नव्हती. तरीही चित्रपटाचा एक गुण होता. तो येई, दोन-चार आठवडे गावात मुक्काम करी आणि जाई. वाचक घरी परतून पुस्तक उघडी, तेव्हा मामांचा चेहरा पुन्हा आपल्या जागी येऊन बसलेला असे.

दूरदर्शनचे तसे नव्हते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि १९७७ च्या सुमारास तेथून चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका दाखविली जाऊ लागली. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चित्र कृष्णधवल, संच थोडे. ज्या घरी संच असे त्या घरी शेजारीपाजारी सतरंजीवर दाटीवाटीने बसत. वाहिनी एकच असल्यामुळे आवडनिवडीचा प्रश्न नव्हता. चेहरा आता चित्रपटगृहात जाऊन पाहावयाचा नव्हता. तोच घरी येत होता, तेही पुनःपुन्हा, जेवणाच्या वेळेच्या आसपास, जेथे मामा बसत त्याच खोलीत. अशा पाहुण्यापुढे मामांचा टिकाव लागणे कठीणच होते. प्रभावळकरांची ती अंग चोरून उभे राहण्याची ढब, शब्द घशात अडखळून मग भलत्या वेळी बाहेर पडण्याची तऱ्हा ह्यांनी मुंबई-पुण्याच्या वाचकांचे असंख्य खाजगी चिमणराव अल्पावधीत पुसून टाकले, आणि त्यांच्या जागी एकच सार्वजनिक चिमणराव बसविले. बाळ कर्व्यांना तर लोक रस्त्यात गुंड्याभाऊ म्हणूनच हाक मारू लागले.

येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हे चित्र दिसत होते ते मुंबईत, आणि पुण्याच्या प्रक्षेपकामुळे त्या परिसरात. बडोद्यास ते दिसत नव्हते. ज्या गावी चिमणरावांचा जन्म झाला, त्या गावच्या मराठी माणसाला चिमणराव दिसले नाहीत! तीच गत इंदूरची, ग्वाल्हेरची, हैदराबादची. तेथील वाचक पुस्तकावर आणि मामांवर समाधान मानून होता. मे महिन्याच्या सुटीत मुंबईहून पाहुणे येत, आणि मग जेवताना वाद होई. पाहुणे चिमणरावांची नक्कल करून दाखवीत, मुले हसत, आणि यजमान हातातला घास तसाच ठेवून म्हणत, "अहो, ते असे बोलतच नाहीत. पुस्तकात आहे का कोठे?" पाहुण्यापाशी ह्याला उत्तर नसे, पण त्याची आवश्यकताही त्याला वाटत नसे, त्याने ते डोळ्यांनी पाहिलेले असे. हा वाद निकाली निघण्यासारखा नव्हताच. वाचलेले आणि पाहिलेले ह्यांची साक्ष एका न्यायासनापुढे घेता येत नाही.

यजमानाची तक्रार हट्टाची म्हणून सोडून देण्यासारखी मात्र नाही, कारण अशी तक्रार खुद्द लेखकांनीही केली आहे. आर. के. नारायण ह्यांच्या 'द गाइड' कादंबरीवर १९६५ मध्ये चित्रपट निघाला, तेव्हा त्यांचे लहानसे मालगुडी बाजूला राहिले आणि कथा राजस्थानातील महालांत नेऊन ठेवली गेली. नारायण ह्यांनी त्यावर एक झणझणीत लेखच लिहिला. पुढे १९८६-८७ च्या सुमारास शंकर नाग ह्यांनी कर्नाटकातील आगुंबे ह्या गावी 'मालगुडी डेज' चित्रित केली आणि नारायण ह्यांचे बंधू आर. के. लक्ष्मण ह्यांची रेखाचित्रे तिला जोडली, तेव्हा मात्र कोणी कुरकुर केल्याचे फारसे ऐकिवात नाही. लेखकाने जेथे जागा मोकळी सोडली तेथे दिग्दर्शकानेही ती शक्य तितकी मोकळी ठेवली, हे त्याचे कारण. महाल बांधले की वाचकाला आपले अंगण मांडता येत नाही.

रणजित देसाई ह्यांच्या 'स्वामी'ची गोष्ट निराळी. १९६२ ची ही कादंबरी घरोघर वाचली गेली, आणि शेवट ठाऊक असूनही वाचणारे थेऊरच्या प्रकरणापाशी आले म्हणजे डोळे पुसत. माधवराव १७७२ मध्ये जाणार आणि रमाबाई सती जाणार हे शाळेच्या पुस्तकातच सांगितलेले होते. तरीही आसवे येत. दूरदर्शनवर रवींद्र मंकणी आणि मृणाल देव ह्यांनी ती भूमिका केली, तेव्हा "आमचे माधवराव असे नव्हते" असे म्हणणारे थोडे निघाले. ऐतिहासिक पुरुषावर वाचकाची खाजगी मालकी नसते. त्याचा चेहरा पगडी आणि पोशाखासह आधीच ठरून गेलेला असतो. चिमणरावांसारख्या कारकुनाला पगडीचा हा आधार नाही, म्हणून त्याच्या बाबतीत भांडण होते.

असो. १९९४ मध्ये दूरदर्शनची मराठी उपग्रहवाहिनी आली, १९९९ मध्ये आल्फा मराठी आली, आणि बडोदे-इंदूरच्या घरांत मराठी मालिका रोजच्या झाल्या. २००१ मध्ये प्रभावळकर तेथे पुन्हा भेटले, पण ते 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मधील आबा होऊन. आणि २००६ मध्ये हिंदी चित्रपटात गांधीजी होऊन. जुनी मालिका आली ती सर्वांत शेवटी, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, तीही तुकड्यातुकड्यांनी. त्या काळी फिती महाग असत आणि एका कार्यक्रमावर दुसरा मुद्रित करण्याची रीत होती, त्यामुळे सगळेच भाग आज सहज पाहावयास मिळत नाहीत. असा उलटा क्रम झाल्यामुळे नव्या मुलांना चिमणराव नवे आणि आबा जुने वाटतात. "आबा तरुणपणी असे घाबरट होते?" हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने अगदी रास्त आहे.

बडोद्यातील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. आजोबा ऐंशीच्या घरातले. कपाटात चऱ्हाटाची जुनी प्रत, पाठीला डिंकाने कागद चिकटवलेली. नात गुजराथी किंवा इंग्रजी शाळेत जाते. ती घरात मराठी बोलते, पण मराठी वाचताना जोडाक्षरापाशी अडखळते आणि दुसऱ्या परिच्छेदाला कंटाळते. तिला हे पुस्तक कधीही 'आपले' होणार नव्हते. एके संध्याकाळी ती तो लहानसा पडदा हातात घेऊन एकटीच हसत बसलेली असते. आजोबा चष्मा चढवून पाहतात, तो चिमणराव! चेहरा परका, उभे राहणे परके. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी पाहुण्याने केलेली नक्कल ती हीच. "असे नव्हते ते," हे शब्द ओठांवर येतात. पण नात हसते आहे ते मराठीतील एका आडवळणाच्या शब्दाला, आणि तो शब्द तिला कोणी समजावून सांगितलेला नाही. अभिनेत्याच्या आवाजाने तो तिला कळला. तिच्यापाशी मामा नव्हते, कचेरीतला हेडक्लार्क नव्हता. पुस्तकातील अर्धा माणूस पुरा करण्यासाठी लागणारे घरचे साहित्यच तिच्यापाशी उरलेले नव्हते. ते तिला ह्या परक्या चेहऱ्याने पुरविले.

ह्यात आजोबांचे काही गेले, ह्याबद्दल शंका नाही. ज्या पुस्तकात त्यांनी मामांना आयुष्यभर सांभाळले, त्यातील मामा आता अंधूक होणार. अभिनय कितीही चांगला असला तरी चिमणरावांच्या स्वतःच्या निवेदनातील तो निरागस गंभीरपणा नाट्यरूपात पुरता येत नाही, आणि ही त्यांची तक्रार टीकाकारानेही मान्य करावी अशी आहे. पण ती नातीला कळावयाची तर तिने आधी पुस्तक ऐकले पाहिजे.

"आजोबा, ह्याच्या पुढचं दिसत नाही. संपलंच हे," नात म्हणते.

"पुढचं पुस्तकात आहे," आजोबा सांगतात, आणि डिंक लावलेली ती प्रत कपाटातून बाहेर निघते. ते वाचू लागतात. पहिले पान बरे जाते. दुसऱ्या पानावर चिमणरावांचे एक वाक्य येते, आजोबांचा आवाज घशात किंचित अडखळतो, शब्द भलत्या जागी बाहेर पडतो, आणि नात टाळी वाजवून म्हणते, "अगदी तस्सेच, आजोबा!" आजोबा थांबतात, चष्म्यावरून तिच्याकडे पाहतात, आणि पान उलटून तसेच पुढे वाचू लागतात.