अडगळीच्या खोलीतली डायरी

(युवा शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



आज मी तुम्हाला एका बाईच्या डायरीबद्दल सांगणार आहे. ही बाई ना आपल्या देशातली, ना आपल्या धर्माची. तरी तिची डायरी वाचताना मला आपल्या मोहल्ल्यातल्या कितीतरी बायका आठवत राहिल्या.

तिचं नाव कॅरोलिना मारिया द जेझुस. जन्म १९१४ चा, ब्राझीलमधल्या साक्रामेंतो गावातला. गरीब, काळ्या कुटुंबातली मुलगी. शाळा जेमतेम दोन वर्षं. पुढे ती साओ पावलो शहरात आली, लोकांच्या घरी कामं केली आणि शेवटी तिएते नदीकाठच्या कानिंदे झोपडपट्टीत फळ्या ठोकून झोपडं उभं केलं. तीन मुलं, सोबत नवरा नाही. रस्त्यावरचे कागद आणि भंगार वेचायचं, विकायचं आणि त्या दिवशीची चूल पेटवायची. कचऱ्यात वह्या सापडत. त्यांच्या कोऱ्या पानांवर ती लिहायची.

छापलेल्या डायरीची पहिली नोंद १५ जुलै १९५५ ची आहे. त्या दिवशी तिच्या मुलीचा, वेराचा वाढदिवस होता. आईला तिच्यासाठी बूट घ्यायचे होते, पण पैसे नव्हते. मग कचऱ्यात मिळालेला जोड तिने धुतला, शिवला आणि मुलीच्या पायात घातला.

पुढे पानोपानी हिशेब आहे. पहाटे नळावरची रांग, आज कागदाचे किती आले, ब्रेडला किती गेले, हाडं कुठे फुकट मिळाली. आपण गरिबीवर बोलतो तेव्हा मोठमोठे शब्द वापरतो. कॅरोलिना आकडे मांडते आणि सरकारला जाब विचारते. भुकेचा रंग पिवळा असतो, असं ती सांगते. पोट रिकामं असताना तिला आभाळ, झाडं, पक्षी सगळं पिवळं दिसायचं. चार घास पोटात गेले की जग पुन्हा आपल्या रंगात यायचं.

ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली ती १३ मे १८८८ ला. १९५८ च्या १३ मे रोजी कॅरोलिना लिहिते, की आपली लढाई आजच्या गुलामीशी, म्हणजे भुकेशी चालू आहे. तेव्हा देशात ब्राझिलिया ही नवी राजधानी उभी राहत होती. १९६० च्या एप्रिलमध्ये तिचं उद्घाटन झालं आणि ऑगस्टमध्ये कॅरोलिनाचं पुस्तक आलं. नाव होतं ‘क्वार्तो दे देस्पेजो’, म्हणजे अडगळीची खोली. शहर हा घराचा दिवाणखाना आणि नको असलेलं सामान जिथे फेकतात ती खोली म्हणजे झोपडपट्टी, असं तिचं म्हणणं.

हे पुस्तक आलं कसं? १९५८ मध्ये आउदालियो दांतास हा पत्रकार त्या वस्तीत गेला होता. मुलांच्या झोपाळ्यांवर मोठी माणसं बसली होती आणि एक बाई त्यांना दम देत होती, तुमची नावं माझ्या पुस्तकात लिहीन! कसलं पुस्तक, असं त्याने विचारलं. तिने झोपडीत नेऊन वह्या दाखवल्या. पुढे पहिल्या आवृत्तीच्या दहा हजार प्रती काही दिवसांत संपल्या. अनेक भाषांत अनुवाद झाले.

मैत्रिणींनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. शेजारच्या बायका रात्री नवऱ्यांचा मार खात, तेव्हा आपण एकट्या असूनही शांत आहोत असं कॅरोलिना लिहिते. उशाशी पेन्सिल-कागद घेऊन झोपणारी बायको कुठल्या पुरुषाला आवडेल, असाही तिचा सवाल आहे. बाईच्या लिहिण्याची किंमत काय, हे तिला ठाऊक होतं.

ती संत नव्हती. शेजाऱ्यांची दारू, भांडणं, लफडी तिने नावानिशी लिहिली. कधी कठोरपणे, कधी अन्यायानेही. वस्ती सोडताना लोकांनी तिच्यावर दगड फेकले. त्यांच्या बाजूनेही विचार करा. त्यांच्या घरातली गोष्ट त्यांना न विचारता जगापुढे गेली होती.

पण मला खरी टोचणी लागली ती पुढच्या भागाने. कॅरोलिना कविता, कादंबऱ्या, नाटकं लिहायची. स्वतःची गाणी तिने रेकॉर्ड केली. लोकांना ते फारसं नको होतं; त्यांना भुकेची डायरी हवी होती. नंतरची पुस्तकं विकली गेली नाहीत. विटांचं घर मिळालं, पण पैसा टिकला नाही. १९७७ मध्ये शहराच्या टोकाला ती पुन्हा तंगीतच वारली.

गरीब बाईने आपलं दुःख सांगितलं की आपण टाळ्या वाजवतो. तिने आपलं मत, आपली कल्पना मांडली की आपलं लक्ष उडतं. मुसलमान बाईचंही असंच होतं. तिला तलाक आणि बुरखा याखेरीज कुणी काही विचारत नाही. घरी बसून जरीकाम करणारी, शिलाई करणारी आपली अम्मी, खाला, फुफी यांना नगामागे किती मिळतात? भाडं आणि फी भरून उरतं काय? आणि हेही विचारा, की तिला काय लिहायला, शिकायला, गायला आवडलं असतं?

शिबिरातून घरी जाल तेव्हा एक वही घेऊन तिच्याजवळ बसा. तिला लिहिता येत असेल तर वही तिच्या हातात द्या. येत नसेल तर ती सांगेल तसं लिहा, आणि तिला वाचून दाखवल्याशिवाय, तिने हो म्हटल्याशिवाय त्यातलं एक पानही बाहेर नेऊ नका.