तेरीज जुळेपर्यंत

आजची मजुरी बुडवून आलेले आईवडील, आणि पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

इथे यायच्या आधी मी आज सकाळी सुलीभंजनला जाऊन आले. दत्ताच्या देवळापाशी थोडा वेळ बसले. संत एकनाथांनी तिथे अनुष्ठान केलं, हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. मला मात्र तिथे बसलं की अनुष्ठानाच्या आधीची गोष्ट आठवते. ती हिशेबाची गोष्ट आहे, आणि मी आयुष्यभर वाणिज्य शिकवलं.

एकनाथ देवगिरीला जनार्दनस्वामींकडे राहत होते. स्वामी किल्ल्याचे अधिकारी. परंपरा सांगते की स्वामींनी त्यांना हिशेबाच्या कामाला बसवलं होतं आणि एका रात्री एका पैचा फरक निघाला. एक पै! कोणी विचारलंही नसतं. एकनाथ समईजवळ वह्या घेऊन बसले. पहाटेकडे ती चूक सापडली आणि आनंदाच्या भरात त्यांनी टाळी वाजवली. त्या आवाजानं स्वामी जागे झाले. एवढ्याशा चुकीचा शोध लागला म्हणून इतका आनंद, तर हीच नजर स्वतःच्या जगण्याकडे लावलीस तर काय होईल, अशा अर्थाचं ते बोलले. पुढे त्यांनी एकनाथांना सुलीभंजनला पाठवलं.

ही गोष्ट बहुतेक वेळा एकाग्रतेसाठी सांगतात. मला त्यातली टाळी महत्त्वाची वाटते. स्वतःच्या कामातली चूक सापडल्यावर आपण सहसा टाळी वाजवत नाही. आपण इकडेतिकडे बघतो, कोणाच्या लक्षात आलं का म्हणून.

माझंच सांगते. बी.कॉम. झाल्यावर मी एका पतसंस्थेत हिशेब लिहायला लागले. संगणक यायचे होते. रोजच्या नोंदींची किर्द, खात्यांची खतावणी, दोन्ही बाजूंच्या बेरजा ताडणारी तेरीज, सगळं हातानं. मार्चअखेर आली आणि तेरीज जुळेना. जमा आणि नावे यांत २७० रुपयांचा फरक. तीन रात्री मी वह्या तपासल्या. पण कशा तपासल्या ते ऐका. दुसऱ्यांच्या अक्षरातली पानं मी ओळ न् ओळ वाचली. माझ्या अक्षरातली पानं भराभर उलटली, कारण माझी चूक नसणारच, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. शेवटी तो फरक उचंत खात्यात टाकला आणि तेरीज कागदोपत्री जुळवून दिली.

तुमच्यातल्या वाणिज्यच्या मुलांना उचंत खातं ठाऊक आहे. ज्या रकमेचा उलगडा होत नाही ती तात्पुरती तिथे ठेवायची. तात्पुरती, हा शब्द महत्त्वाचा. मी ती तिथे ठेवून विसरायच्या बेतात होते. त्यानंतर दोन महिने कोणी वही मागितली की माझ्या पोटात गोळा यायचा. बोलताना आवाज चढायचा. लोकांना तो आत्मविश्वास वाटत असेल. ती धास्ती होती.

तिथल्या एका वयस्कर मुनीमकाकांनी मला एक दिवस विचारलं, "बाळ, तुझ्या फरकाला नऊनं भाग जातो का?" २७० ला नऊनं भाग जातो. "मग आकडे उलटे पडलेत. शोध." दोन अंकांची अदलाबदल झाली की येणारा फरक नेहमी नऊच्या पटीत असतो, हे जुन्या हिशेबनिसांचं साधं गणित. आणि फरकाच्या निम्मी रक्कम कुठे दिसते का तेही बघायचं, कारण जमेची नोंद नावे पडली की फरक दुप्पट होतो. दुपारपर्यंत सापडलं. किर्दीत ६३० होते, खतावणीत ३६०. माझंच अक्षर. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. उलट इतकं हलकं वाटलं की मी उठून खिडकी उघडली. त्या दिवसानंतर "खात्री आहे का?" असं कोणी विचारलं की मी शांतपणे सांगू लागले. जिथे खात्री आहे तिथे आहे, आणि जिथे नाही तिथे पुन्हा बघते.

आता तेच एकनाथ पुढे काय झाले ते पाहा. ज्ञानेश्वरी लिहिली गेली शके १२१२ मध्ये. नकलांवरून नकला होत तीनशे वर्षं गेली आणि पाठ बिघडले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पोथ्या पडताळून शुद्ध प्रत तयार केली. एवढ्या मोठ्या ग्रंथाला हात लावायचं धैर्य त्यांच्यात कुठून आलं? ते स्वतः समर्थ कवी होते. एकनाथी भागवत तोवर काशीत पुरं झालं होतं. ज्ञानदेवांच्या ओळींत स्वतःची ओवी सरकवणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी तसं केलं नाही, आणि यात कोणी आपली ओवी घालू नये म्हणून बजावूनही ठेवलं. आपलं काय आणि आपलं नाही ते काय, हे ज्याला पैपर्यंत कळलेलं असतं, त्याचा हात अशा कामात थरथरत नाही. मी तरी त्या धैर्याचं मूळ देवगिरीवरच्या त्या रात्रीत पाहते.

आता हिशेबाची दुसरी बाजू. आत्मपरीक्षण म्हटलं की तुम्ही लगेच स्वतःचे दोष मोजायला बसता. वहीला दोन बाजू असतात रे! जमेची नोंद राहिली तरी तेरीज चुकते.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांनी १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना तर्क, व्याकरण अशा चाचण्या दिल्या आणि आपण इतरांच्या तुलनेत कुठे आहोत याचा अंदाज करायला सांगितलं. सगळ्यात खालच्या गटातले सरासरीनं शंभरातल्या जेमतेम बारा जणांच्या पुढे होते. त्यांना वाटत होतं, आपण बासष्ट जणांच्या पुढे आहोत. याची चर्चा फार झाली. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की सगळ्यात वरच्या गटातली मुलं स्वतःला प्रत्यक्षापेक्षा कमी लेखत होती, आणि इतरांचे पेपर दाखवल्यावर त्यांचा अंदाज सुधारला. खालच्या गटाला तर्क शिकवल्यावर त्यांचाही अंदाज जमिनीवर आला. दोघांचीही वही चुकलेली होती, वेगवेगळ्या बाजूला.

खुलताबादची मुलं शहरात मुलाखतीला बसलेली मी पाहिली आहेत. गावाचं नाव विचारलं की मान खाली जाते. अरे, श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला रात्रभर पायी येणाऱ्या गर्दीत पहाटे तीनला वडिलांचं नारळाचं दुकान उघडून तुम्ही एकट्यानं सांभाळता. उरुसात आणि जत्रेत परक्या माणसाशी बोलता. घरात एक भाषा, गल्लीत दुसरी, वर्गात तिसरी, आणि वेरूळच्या पाहुण्यांशी मोडकीतोडकी चौथी. हे सगळं तुमच्या जमेला आहे आणि अर्जात एक ओळसुद्धा लिहिलेली नसते. मला याचं मनापासून दुःख होतं.

तुमच्याच गावात मलिक अंबरची कबर आहे. इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाहीचा कारभारी झाला, १६१० साली खडकी हे शहर वसवलं. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला मैदानी लढाईत हरला. मोगलांनी खडकी जाळली. हरल्यावर त्यानं मनाशी काय मांडलं ते लिहून ठेवलेलं नाही. पुढचं दिसतं. खडकी पुन्हा उभी केली. १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि विजापूर यांच्या फौजा एकत्र चालून आल्या तेव्हा त्यानं तलावाचं पाणी सोडून वाटा चिखलात घातल्या, रसद तोडली, रात्री छापे घातले, आणि जिंकला. त्याच्याकडे काय नव्हतं आणि काय होतं, दोन्ही त्याला नीट माहीत असणार, असं मी समजते.

मुलामुलींनो, घरी गेल्यावर एक साधी शंभरपानी वही घ्या. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. गेल्या तीन वर्षांत काय जमलं ते आणि काय टाळलं ते लिहा. फी कोणी भरली, कोणाचे दागिने गहाण पडले, तेही नावासकट लिहा. अक्षर स्वतःचं असेल ते पान सगळ्यात सावकाश वाचा. एखादी गोष्ट उलगडली नाही तर उचंतात ठेवा, पण पुढची तारीख घालून.

आणि फरक राहिलाच, तर वही घेऊन माझ्याकडे या. माझा पत्ता प्राचार्यांकडे आहे. रविवारी सकाळी मी घरीच असते. आपण दोघं मिळून आधी नऊनं भाग जातो का ते बघू.