नाशिकची वाइन : एका उष्ण प्रदेशाचा स्वभाव

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेसाठी मला विषय विचारण्यात आला तेव्हा मी 'नाशिकची वाइन' असे उत्तर दिले. चिटणीस क्षणभर गप्प राहिले आणि मग अत्यंत सौम्यपणे म्हणाले, "सर, आपण गुजरातेत राहतो, हे लक्षात आहे ना?" लक्षात आहे. १९६० मध्ये हे राज्य निर्माण झाले तेव्हापासून येथे दारूबंदी आहे आणि आजच्या कार्यक्रमानंतर आपल्याला नेहमीप्रमाणे चहाच मिळणार आहे. परंतु ज्या वस्तूला हात लावता येत नाही तिच्याविषयी बोलायचेच नाही असा नियम केला, तर ग्रंथालयातील निम्मी कपाटे कुलूपबंद करावी लागतील.

या विषयाला आणखीही एक कारण आहे. ज्या सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना पाचारण केले आणि या संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले, त्यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. शिवाय आपल्यापैकी पुष्कळ जण सप्तशृंगीच्या दर्शनासाठी सापुताऱ्याचा घाट चढून वणीला जातात. वणीहून दिंडोरीमार्गे नाशिककडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तारांच्या मांडवावर चढवलेल्या द्राक्षवेली दिसू लागतात. त्यांतल्या बहुतेक वेलींची द्राक्षे आपल्या ताटात येतात; काहींची मात्र कधीच येत नाहीत. त्या दुसऱ्या वेलींविषयी मला आज बोलायचे आहे.

आरंभी शब्दांचा खुलासा करतो; मराठीच्या मास्तराची ती खोडच असते. 'दारू' हा शब्द फारसीतला. तेथे त्याचा अर्थ औषध. आपल्याकडे तो तोफेतही गेला आणि बाटलीतही. हातभट्टीपासून विलायती मद्यापर्यंत सर्वांना आपण हाच एक शब्द लावतो, आणि त्यामुळे वस्तूवस्तूंमधला भेद झाकला जातो. वाइन भट्टीवर उकळून, वाफ गोळा करून काढलेली नसते. ती द्राक्षाचा आंबवलेला रस असते. यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव रसातील साखर खातात आणि तिचे मद्यार्क व कर्बवायू यांत रूपांतर करतात. रसात साखर शेकडा २२ ते २४ भाग असली तर मद्यार्क शेकडा १२-१३ च्या आसपास भरतो. हा भेद सांगितला म्हणून वाइन निरुपद्रवी ठरत नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्यांच्या घरात मद्याने दुःख आणले आहे त्यांच्या भावनेचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही. प्रश्न एवढाच आहे की, एका भूमीतून जे पीक निघते त्याचे नाव आणि त्याचे श्रम आपण ओळखणार की नाही?

भूमीवरून वाइनचे नाव ठेवण्याची रीत आपल्याला नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षाच्या रसापासून होणाऱ्या पेयाला 'मधु' म्हटले आहे, आणि त्याचे 'कापिशायन' व 'हारहूरक' हे प्रकार ज्या त्या प्रदेशाच्या नावावरून ओळखले जातात, असे सांगितले आहे. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील काबूलच्या उत्तरेचा प्रदेश. 'कापिशायन' हा शब्द सिद्ध करण्यासाठी पाणिनीने एक स्वतंत्र सूत्र रचले आहे. '२०१०-११ या वर्षात 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी ते आधुनिक व्यापाराचे यश म्हणून छापले. मला मात्र पाणिनीची आठवण झाली.

आता ज्या भूमीला हे नाव मिळाले तिचा स्वभाव पाहू. वाइनची जुनी, नामांकित क्षेत्रे बहुतांशी ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात येतात. नाशिक २० अक्षांशाच्या आसपास, म्हणजे सरळसरळ उष्ण कटिबंधात आहे. उष्ण प्रदेशात द्राक्षात साखर भराभर चढते आणि आम्ल तितक्याच वेगाने उतरते. विशेषतः मॅलिक आम्ल वेलीच्या श्वसनात खर्च होऊन जाते. आम्ल गेले की वाइन जड आणि बेचव होते. नाशिकला यातून वाचवले ते दोन गोष्टींनी. एक, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरची उंची; आणि दुसरी, थंडीच्या रात्री. निफाडचा पारा महाराष्ट्रात सर्वांत खाली गेल्याची बातमी दर हिवाळ्यात आपण वाचतोच. दिवसा भरपूर ऊन आणि रात्री बोचरी थंडी, अशा हवेत घड पिकतो तेव्हा साखरही भरते आणि आम्लही टिकते. खाली सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा मुरूम असतो. त्यात पाणी साचून राहत नाही, आणि वेलीला ते मानवते.

परंतु उंची आणि थंडी देवाने दिली. उरलेले माणसाने केले. थंड देशात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते. पाने गळतात, बर्फ पडतो, आणि शेतकरी वर्षातून एकदाच छाटणी करतो. आपल्या दख्खनमध्ये वेलीला झोपच नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेस आला, तेव्हा या मुलखात द्राक्षे वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद त्याने केली. ही वेलीची येथली प्रकृती. पण उन्हाळ्यानंतर येणारा घड पावसात सापडून कुजतो. म्हणून आपल्या शेतकऱ्याने त्या प्रकृतीला एक पंचांग घालून दिले. एप्रिलमध्ये 'खरड छाटणी' करायची. जुन्या काड्या एखादा-दुसरा डोळा राखून कापायच्या आणि उन्हाळ्याच्या प्रखर उन्हात नव्या काड्या वाढवायच्या. त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडाचे बीज याच काळात धरते. पावसाळाभर पाने सांभाळायची, कारण डावणी आणि भुरी हे रोग टपलेलेच असतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात 'गोडी छाटणी'. काडी नेमक्या डोळ्यांवर कापायची, उरलेल्या डोळ्यांना औषधाची पेस्ट लावायची, म्हणजे ते एकाच वेळी फुटतात. घड थंडीत वाढतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणीला येतो. फ्रान्समध्ये जे काम बर्फ करतो ते नाशिकमध्ये कात्री करते.

'खरड' आणि 'गोडी' हे शब्द मी वर्गात शिकलो नाही. निफाड तालुक्यात माझ्या मावसभावाच्या बांधावर शिकलो. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. आम्ही सारे त्यांना आबा म्हणतो. त्यांच्या पिढीने ही विद्या खाण्याच्या द्राक्षांवर कमावली होती. वाइनची नवी जात आली तेव्हा वेल परकी होती. पण तिला या मातीत वर्ष कसे काढायचे हे शिकवणारा हात येथलाच होता.

या हाताला उद्योगाची जोड टप्प्याटप्प्याने मिळाली. १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगावी शामराव चौगुले यांनी फेसाळणारी वाइन तयार करून 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशी पाठवली. १९९७ मध्ये राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या फ्रेंच जातींच्या वेली लावल्या, आणि २००० मध्ये 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली. मातोश्रींच्या 'सुलभा' या नावावरून त्यांनी हे नाव घेतले. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केले, करांत सवलती दिल्या, आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्यानांची योजना केली.

नाशिकच्या वाइनची चव कशी असते, हे सांगण्याइतका अनुभव मी महाराष्ट्राच्या हद्दीत राहून घेतला आहे, हे नमूद करून ठेवतो. येथली पांढरी शेनिन ब्लाँ पिकल्या पेरूची आणि अननसाची आठवण देते, आणि पुष्कळदा तिच्यात किंचित गोडी राखलेली असते. सोव्हिन्यों थंड देशात गवताचा आणि ढोबळ्या मिरचीचा वास देते. येथल्या उन्हात ती फळांकडे झुकते. तांबड्या शिराझला जांभळाची घनता आणि मिऱ्याचा तिखटपणा असतो. बाटल्यांवर विलायती बोरांची नावे छापलेली असतात, जी आपण कधी पाहिलीही नाहीत. जांभूळ आणि करवंद ही नावे तेथे का नसावीत, हे मला आजवर उमगलेले नाही.

आता या कथेची दुसरी बाजू सांगतो. तीच सांगण्यासाठी मी हा विषय घेतला. २००५ च्या सुमारास आबांनी दोन एकरांत शिराझ लावली. एका कारखान्याशी करार झाला होता. वेल फळाला येईपर्यंतची वर्षे त्यांनी उसनवारीवर काढली. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, जगभर मंदी आली, हॉटेले ओस पडली आणि वाइनचा खप घसरला. त्यापुढच्या हंगामात आबांचा माल तयार झाला तेव्हा कारखान्याकडून निरोप आला की टाक्या भरलेल्या आहेत. करार कागदावर होता. पण माल न उचलल्यास काय, याविषयी त्या कागदावर एक ओळही नव्हती.

वाइनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे आणि बियांचे असते. ते पाटीत घालून बाजारात नेले तर कोणी घेत नाही. मी गेलो तेव्हा आबा बांधावर बसले होते. म्हणाले, "अरे, खायचं द्राक्ष राहिलं तर त्याचा बेदाणा तरी होतो. ह्याचं मी काय करू, सांग." मी मराठीचा प्राध्यापक; माझ्याकडे शब्दच असतात, पण त्या दिवशी तेही नव्हते. पुढच्या वर्षी त्यांनी ती बाग जेसीबीने उपटून टाकली. त्या काळात नाशिकमध्ये अशा बागा उपटणारे ते एकटे नव्हते.

उद्योग पुढे सावरला. आज नाशिकला पर्यटक वाइन चाखायला येतात, आणि डिसेंबर २०२२ मध्ये 'सुला'चे समभागही बाजारात आले. त्याच वर्षी जानेवारीत महाराष्ट्र शासनाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा मोठे वादळ उठले. एक पक्ष म्हणाला, यात शेतकऱ्याचे हित आहे. दुसरा म्हणाला, ही दारूच आहे. निर्णय मागे पडला. या वादात दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचे नाव पुष्कळ घेतले गेले. पण विकलेल्या बाटलीतला किती पैसा छाटणी करणाऱ्या हातापर्यंत पोहोचेल आणि टाक्या भरल्या तर माल कोण उचलेल, हा आबांचा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

मानांकनाने नाव भूमीला दिले, हे योग्यच झाले. पण भूमी स्वतः कात्री धरत नाही. नाव सगळ्यांचे आणि जोखीम एकट्याची, असा व्यवहार असेल तर ते नाव अपुरे आहे. करारात खरेदीची हमी आणि किमान भाव हे दोन शब्द आले, तर 'नाशिक' हा शब्द बाटलीवर खऱ्या अर्थाने शोभेल.

ग्रंथालयाकडे माझी एक नम्र विनंती आहे. कवळाण्यात जन्मलेल्या राजाने पुस्तके खेड्यापर्यंत नेली. आता खेड्यातले शब्द पुस्तकांपर्यंत आणण्याचे काम आपण करू या. नाशिकच्या बागायतदारांच्या रोजनिश्या, छाटणीच्या नोंदी, त्यांचे खरड, गोडी, डोळा, काडी हे शब्द या शताब्दी वर्षात येथे जमा व्हावेत. पुढच्या नवरात्रात आपण वणीला जाल तेव्हा दिंडोरीच्या रस्त्यावर गाडी क्षणभर थांबवा. त्या सुमारास गोडी छाटणी चाललेली असेल. कात्री हातात असलेल्या माणसाला त्याच्या पिकाची उचल कोण करणार आहे, एवढे अवश्य विचारा.

चहा निवत असेल, येथेच थांबतो.