कपड्यातली माया

(मंडळाच्या शिवणवर्गाच्या प्रमाणपत्र-वितरण कार्यक्रमात, इंदूर येथे केलेले भाषण)



सरकारी उपयंत्र्याला शिवणवर्गाच्या कार्यक्रमात बोलायला कशाला बोलावलं, असा प्रश्न काहींना पडला असेल. आमचं काम रस्ते, नाल्या आणि इमारतींचं. पण पदविकेच्या दिवसांपासून आमच्या मनावर एक गोष्ट ठसवलेली आहे : काम तपासायचं ते प्लास्टर चढण्याआधी. प्लास्टर आणि रंग झाला की सगळ्या भिंती सारख्याच देखण्या. कपड्याची सोय अशी की त्याला प्लास्टर नसतं. उलटा केला की सगळं काम डोळ्यांसमोर. तेव्हा कपडा चांगला शिवलाय का, हे पाहायचं असेल तर आधी तो उलटा करा.

पहिली गोष्ट, कापड कसं कापलंय. कापड उभ्या धाग्याच्या दिशेने कमी ताणलं जातं, आडव्या धाग्यात थोडं जास्त आणि तिरपं ओढलं तर सर्वांत जास्त. पायजम्याचा पाय उभा धागा धरून कापला तर तो सरळ पडतो. कापड वाचवण्यासाठी तुकडा जरा तिरका बसवला की चार धुण्यांत बाजूची शिवण पिळवटून नडगीवर येते. दुकानात हे दिसत नाही, कारण दुकानात कडक इस्त्री असते. सुती कापड कापण्याआधी भिजवून वाळवायचं तेही याचसाठी. जे आटायचं ते कात्री लागण्यापूर्वीच आटलेलं बरं.

दुसरी गोष्ट, टीप. मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते, वरचा सुईतला आणि खालचा बॉबिनचा. हे दोन्ही कापडाच्या जाडीत मधोमध एकमेकांत अडकले की टीप दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. ताण चुकला की एक दोरा नुसता सरळ पडून राहतो आणि टोक धरून ओढला तर निघूनही येतो. सदऱ्याला इंचात दहा-बारा टाके असले तर शिवण टिकते. सहा-सातच असले तर शिवणाऱ्याला घाई होती, असं समजावं. मलमलीसारख्या तलम कापडाला अकरा नंबरची सुई, नेहमीच्या कापडाला चौदा, जाड्याभरड्याला सोळा, हे या वर्गातल्या भगिनींना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे माया. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला टेलरमास्तर मार्जिन म्हणतात, आपल्या आई-आज्या माया म्हणत आल्या. ब्लाउजच्या बाजूच्या शिवणीत इंचभर माया असली तर बाळंतपणानंतर तोच ब्लाउज उसवून अंगाला येतो. मुलीच्या परकराला खाली चार बोटं दुमड असली तर उंची वाढली तरी परकर पुरतो. आणि पँटच्या मागच्या शिवणीत माया असली तर पुरुषाची चाळिशी सुखाची जाते, हे मात्र आम्ही स्वानुभवाने सांगतो.

तयार कपड्यांवर आमचा राग नाही. आपल्या इंदुरात कितीतरी घरं त्या धंद्यावर चालतात. पण त्या कपड्यांत बहुधा कड ओव्हरलॉकवर कापून शिवलेली असते. ओव्हरलॉकने कडेचे धागे सुटत नाहीत, हे चांगलंच. पण आत बोटाएवढीही जागा उरत नाही. अंग जरा भरलं की कपडा बाद.

आत-बाहेर सारखं काम पाहायला आपल्याला लांब जावं लागत नाही. महेश्वर इथून शंभर किलोमीटरच्या आत आहे. अहिल्याबाईंनी तिथे राजधानी केली, विणकरांना आश्रय दिला. त्या साडीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसेल असा विणतात, म्हणून साडी कोणत्याही बाजूने नेसता येते. एक बाजू मळकट दिसू लागली तर दुसरी आहेच. आजीची महेश्वरी नातीने नेसली, अशी घरं या सभागृहातही असतील.

आता थोडं कडू बोलतो, राग मानू नये. माया फुकट येत नाही. तिला कापड जास्त लागतं, वेळ जास्त लागतो. आपण मात्र ताईला म्हणतो, बाजारात तयार मिळतो त्याच भावात शिवून द्या, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी द्या. मग तिने वाचवायचं कुठे? ती कापड भिजवणार नाही, टाके लांब करेल, माया कापेल. वरून कपडा तसाच दिसेल.

आमच्या खात्यात निविदा सर्वांत कमी दराची घेतात, ही गोष्ट खरी. पण निविदेत दराबरोबर कामाचा तपशील लिहिलेला असतो आणि मोजमाप झाल्याशिवाय बिल निघत नाही. घरी आपण फक्त दरावर घासाघीस करतो. तपशील कोणी सांगत नाही, मोजमाप कोणी घेत नाही. मग चांगलं शिवणारी आणि कसंतरी शिवणारी, दोघींना एकच पैसे मिळतात. अशाने चांगलं शिवणारी किती दिवस तग धरणार?

म्हणून विनंती अशी. कापड देताना सांगा की भिजवून कापा, इंचभर माया ठेवा, आतली कड बंद करा. मग विचारा, याचे किती होतील? आठ-दहा दिवस द्या. कपडा हातात आला की तिच्यासमोरच उलटा करून पाहा. चांगला असेल तर तसं तोंडाने म्हणा आणि ठरलेले पैसे हिशेब न करता द्या.

आणि भगिनींनो, तुमच्यापैकी काहींच्या घरी मुलांची फी या मशीनवर निघणार आहे, हे आम्ही जाणतो. तरीही दर पाडण्यासाठी माया कापू नका. भाव सांगताना त्यात काय काय आहे तेही सांगा. एक गिऱ्हाईक परत जाईल, पण जे थांबेल ते पुढच्या वर्षी मुलीला घेऊन येईल.

सर्वांना मनापासून शुभेच्छा. आणि हो, दिवाळीचे कपडे शिवायला टाकायचे असतील तर याच आठवड्यात टाका!

गणपती बाप्पा मोरया!